रेझिस्टिव्ह म्हणजे जुनाट, हे पटत नाही

गेम कंट्रोलरवर रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबाने चालणारी टचस्क्रीन देणं म्हणजे कंपनीची निव्वळ काटकसर, असं एका लेखात म्हटलंय. नाशिकला एम. जी. रोडवर माझं दुरुस्तीचं काम आहे, ही आणि स्मार्टफोनवर असते ती कपॅसिटिव्ह, अशा दोन्ही प्रकारच्या स्क्रीन हाताखालून जातात, म्हणून लिहितोय.

रेझिस्टिव्हमध्ये वरची लवचिक फिल्म दाबल्यावर खालच्या थराला टेकते आणि तिथल्या व्होल्टेजवरून जागा कळते. त्यामुळे नख, प्लास्टिकचा स्टायलस (स्क्रीनवर लिहायची पेनासारखी काडी), हातमोजा, काहीही चालतं. निन्टेन्डो या गेम कंपनीने २००४ च्या डीएस या हातात धरायच्या कन्सोलला आणि २०१२ च्या वी यू कन्सोलच्या गेमपॅडला, म्हणजे स्क्रीनवाल्या कंट्रोलरला, हीच स्क्रीन दिली. बारीक टोकाने चित्र काढणं, नकाशावर नेमकी खूण करणं त्यावर फार छान जमतं. कपॅसिटिव्ह स्क्रीनला बोटासारखं वीजवाहक काहीतरी लागतं, आणि जिथे खूण करायची ती जागा बोटाखालीच झाकली जाते. घामेजलेल्या हातांनी ती कधीकधी भलतीकडेच टच घेते, तो त्रास वेगळाच.

उणिवा आहेतच. गेमपॅड एका वेळी एकच स्पर्श ओळखतो, दोन बोटांनी झूम विसरा. फिल्म मऊ असते, जिथे सारखं घासलं जातं तिथे ओरखड्यांचा धुरकट पट्टा तयार होतो. निन्टेन्डोने २०१७ च्या स्विच कन्सोलला कपॅसिटिव्ह दिली ते योग्यच, तिथला खेळ मुख्यतः बटणांचा.

जुना गेमपॅड घेणाऱ्यांनी मात्र स्टायलसने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश रेघ ओढून बघा. मध्येच तुटली किंवा बाजूला सरकली, तर आधी कॅलिब्रेशन करा, म्हणजे स्पर्शाची जागा स्क्रीनशी नीट जुळवून घ्या. तरीही तसंच झालं तर घेऊ नका.