थर्मोकोल तीन वर्षांत ‘संपतं’ म्हणे

सायकल चालवणाऱ्यांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. थोडक्यात असा: ‘सायकलच्या हेल्मेटला औषधासारखी एक्सपायरी असते. तीन वर्षांत आतल्या फोममधला गॅस उडून जातो. हेल्मेट हातातून एकदा जरी पडलं तरी ते निकामी समजा. अपघातानंतर तडा दिसला नाही, तर मात्र मुदत संपेपर्यंत बिनधास्त वापरा.’

चार वाक्यं. सगळ्यात घातक आहे ते शेवटचं, पण वाद होतो तो पहिल्यावर. म्हणून आधी तेच घेऊ.

हेल्मेटच्या आत चिकटवलेल्या लेबलवर तारीख असते, हे खरं. पण ती बनवल्याची तारीख. अमेरिकेत मार्च १९९९ नंतर बनलेल्या प्रत्येक सायकल हेल्मेटला तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा, म्हणजे सीपीएससीचा, नियम लागू होतो. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं सक्तीचं आहे; ‘या तारखेनंतर वापरू नये’ असं कुठेही छापायला सांगितलेलं नाही. मग आकडे येतात कुठून? सल्ल्यांतून. सीपीएससी म्हणते ५ ते १० वर्षं. हेल्मेटांची चाचणी घेणारी अमेरिकेतली स्नेल फाउंडेशन म्हणते ५. काही कंपन्या ३ म्हणतात. फोम जर खरोखर घड्याळ लावून मरत असता, तर त्याच फोमची मुदत कुणाकडे ३ आणि कुणाकडे १० निघाली नसती. स्नेलने दिलेली कारणंही वाचण्यासारखी आहेत: केसांचं तेल, घाम, सौंदर्यप्रसाधनं, रोजची झीज. म्हणजे मुख्य प्रश्न वापराचा. रोज दोन तास घामेजणारं हेल्मेट आणि महिन्यातून एकदा खुंटीवरून उतरणारं हेल्मेट एकाच दिवशी बाद कसं होईल?

आता गॅसची गोष्ट. ती अगदीच खोटी नाही, म्हणूनच पटते. हेल्मेटमधला फोम म्हणजे एक्सपांडेड पॉलिस्टायरीन, आपल्या भाषेत थर्मोकोल. खोक्यात येतं त्यापेक्षा जास्त घट्ट, पण जात तीच. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांत पेंटेन मुरवलेलं असतं. वाफ दिली की मणी फुगतात आणि साच्यात एकमेकांना चिकटतात. ते पेंटेन खरोखर उडून जातं, पण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आणि त्याची जागा साधी हवा घेते. हेल्मेट तुमच्या डोक्यावर चढतं तोवर हा बहुचर्चित गॅस केव्हाच पसार झालेला असतो. धक्का पचवतात त्या मुख्यतः मण्यांच्या पातळ भिंती, स्वतः चिरडून घेऊन.

आणि गंमत बघा. थर्मोकोल वर्षानुवर्षं कुजत नाही म्हणून आपणच ओरडत असतो. तेच डोक्यावर चढलं की तीन वर्षांत संपतं?

हे कुणी तपासलंच नाही, असंही नाही. कॅनडातल्या एमईए फोरेन्सिक या संस्थेच्या अभियंत्यांनी लोकांनी वापरलेली ६७५ सायकल हेल्मेटं जमवून आपटून पाहिली. त्यांतली काही तर २६ वर्षं जुनी होती. धड असलेल्या हेल्मेटच्या धक्का पचवण्याच्या ताकदीवर वयाचा परिणाम नगण्य निघाला.

थर्मोकोल अमर आहे, असा याचा अर्थ नाही. पेट्रोल किंवा थिनर लागलं की ते विरघळतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत हेल्मेट तापलं, तर वरच्या प्लास्टिकला फोड येऊ शकतात. असं हेल्मेट कालच घेतलेलं असलं तरी बाद.

हातातून पडण्याचं गणित तर घरबसल्या करता येतं. सीपीएससीच्या चाचणीत हेल्मेटमध्ये ५ किलोचं नकली डोकं बसवून ते २ मीटरवरून सपाट लोखंडावर सोडतात. ती ऊर्जा होते साधारण ९८ जूल. रिकामं हेल्मेट ३०० ग्रॅमचं. कमरेच्या उंचीवरून, १ मीटरवरून पडलं तर ऊर्जा भरते ३ जूलच्या आसपास. तिसावा हिस्साही नाही. उचला, तडा गेलाय का बघा, बक्कल लावून खेचून बघा आणि चालू लागा. एक सवय मात्र सोडा: हेल्मेटच्या वाटीत कुलूप नि भरलेली पाण्याची बाटली ठेवून ते हँडलला लटकवायची. ते ओझं घेऊन हेल्मेट पडलं, तर वरचा हिशेब लागू होत नाही. कुणी त्यावर बसलं तरीही नाही.

उरलं शेवटचं वाक्य: तडा नाही, म्हणजे हेल्मेट धड. यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. पहिल्या तीन वाक्यांनी फार तर पैसे जातात.

समजा डोकं ताशी २२ किलोमीटरने जमिनीला भिडलं. फोम चेपत चेपत ते दोन सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी झटका येतो गुरुत्वाच्या सुमारे १०० पट. आधीच्या अपघातात त्याच जागचा अर्धा फोम चेपला गेला असेल, तर थांबायला एकच सेंटिमीटर उरतो आणि झटका दुप्पट होतो. चेपलेला फोम बाहेरून मात्र दिसत नाही. वरचं प्लास्टिक पातळ असतं, ते पूर्ववत होतं. फोमही थोडासा परत फुगतो, पण आतल्या भिंती मोडलेल्याच राहतात. वरून शहाजोग, आतून पोकळ.

म्हणून डोकं आपटलं की हेल्मेट बदलायचं, ते तीन वर्षांचं असो वा तीन दिवसांचं. अपघाताच्या गडबडीत डोकं टेकलं की नाही, हे पुष्कळदा आठवतच नाही. मग कवचावर ताजे ओरखडे किंवा माती दिसते का बघा. आतल्या गाद्या काढून फोमवर अंगठा फिरवा. कुठे खड्डा, बारीक रेघ किंवा मऊपणा लागतो का पाहा. काही सापडलं तर निकाल लागला. काही सापडलं नाही, पण डोकं टेकल्याची आठवण आहे, तर आठवणीवर विश्वास ठेवा. याला अपवाद एक्सपांडेड पॉलिप्रॉपिलीनच्या हेल्मेटचा. तो फोम पुन्हा आकार घेतो, पण सायकलची हेल्मेटं सहसा त्याची नसतात.

वयाने खरोखर थकतात त्या इतर गोष्टी: पट्ट्याचे धागे सुटतात, बक्कल ठिसूळ होतं, हेल्मेट डोक्यावर आवळायचं मागचं फिरकीचं चाक घसरतं, गाद्यांचा भुगा होतो. गाद्या सहसा वेगळ्या मिळतात. घट्ट बसतच नसेल, तर मात्र फोम कितीही ताजा असला तरी उपयोग शून्य. मुलांची हेल्मेटं तर फोम म्हातारा होण्याच्या कितीतरी आधी लहान होतात. आणि डोक्याला बसणारा पीळ कमी करणारं आतलं सरकतं अस्तर हवं म्हणून कुणी धडधाकट जुनं हेल्मेट बदलत असेल, तर ते कारण मला तारखेपेक्षा कितीतरी पटतं.

बाद झालेलं हेल्मेट टाकताना आधी त्याचे पट्टे कापा. नाहीतर ते उचलून दुसरं कुणीतरी घालेल.