पेंग्विन, फोडणी आणि एक हट्टी बाई

आग्रह झाला की माझा ‘नाही’ तिसऱ्या मिनिटाला ‘बघू’ होतो. लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्सबाईंचा, आपल्या पुस्तकावर सिनेमा काढू देण्याबद्दलचा ‘नाही’ वीसेक वर्षं ‘नाही’च राहिला, तोही साक्षात वॉल्ट डिस्नेपुढे. त्यामुळे हीच गोष्ट सांगणारा ‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’ (2013) बघताना मी सुरुवातीपासूनच बाईंचा पक्ष धरून बसलो.

बाईंचं ‘मेरी पॉपिन्स’ हे एका जादुई आयाबाईचं पुस्तक 1934चं. त्यावर सिनेमा काढायचा शब्द डिस्नेने दिला आपल्या मुलींना आणि पिच्छा पुरवला बाईंचा. पुढे पैशाची ओढाताण सुरू झाली आणि 1961 साली बाई लंडनहून लॉस एंजेलिसला आल्या. आल्या त्या खुसपटांची पेटी घेऊनच. पुस्तकातल्या मुलांचे वडील बँक्ससाहेब, त्यांना मिशी कशाला? गाण्यात हा मनाचा शब्द कुठून आणला? सिनेमात लाल रंग नको. (बाईंची भूमिका करणारी एमा थॉम्प्सन हे सगळं अशा चेहऱ्याने म्हणते, की समोरच्या संगीतकार शर्मन बंधूंना पियानोखाली लपावंसं वाटावं.) आणि कार्टून? नावच काढू नका.

खरी मेख करारात होती. 1 लाख डॉलर, उत्पन्नात 5 टक्के वाटा आणि पटकथा मंजूर करायचा हक्क. वाचताना वाटतं, बाईंनी बाजी मारली. पण पटकथा म्हणजे कागद. तयार चित्रपटात काय ठेवायचं, काय कापायचं, हे डिस्नेच्या हातात. कृती वाचून मान तुम्ही डोलवायची, फोडणी दुसऱ्याने घालायची! ऑगस्ट 1964मध्ये झालेल्या ‘मेरी पॉपिन्स’ चित्रपटाच्या प्रीमियरचं तर बाईंना आमंत्रणही नव्हतं. ते त्यांनी मागून घेतलं. पडद्यावर बघतात तो कार्टूनचे पेंग्विन नाचताहेत. ते काढा म्हणाल्या, पण तोवर वेळ टळून गेली होती.

आता गंमत बघा. या भांडणावर चित्रपट कोणी काढला? डिस्नेच्याच कंपनीने. फिर्यादीची कैफियत आरोपीने लिहायची, मग ती गोड होणारच. पडद्यावरचा डिस्ने, म्हणजे टॉम हँक्स, लंडनला धावतो आणि बाईंचं वडिलांबद्दलचं दुःख ओळखून त्यांची समजूत घालतो. प्रत्यक्षात बाई कॅलिफोर्नियात वाद घालत असताना डिस्ने बराच काळ पाम स्प्रिंग्सला होता. बाईंना माणसात आणणारा तो प्रेमळ ड्रायव्हर तर निव्वळ कल्पनेतला. खऱ्या बाई मात्र निवळल्या नाहीत. पुढे ‘मेरी पॉपिन्स’ रंगभूमीवर आणायची परवानगी देताना त्यांनी अट घातली, की 1964च्या चित्रपटाशी संबंध असलेलं कोणी इथे नको.

तरी कंपनीने एक प्रामाणिकपणा केलाय. त्या बैठका बाईंनी हट्टाने टेपवर घ्यायला लावल्या होत्या. श्रेयनामावली सुरू झाली की त्यांचा खरा आवाज ऐकू येतो: करडा, बारीकसारीक गोष्टींवर अडणारा, तसूभरही न हटणारा. तेव्हा उठू नका. अख्ख्या चित्रपटात बाईंच्या बाजूचा साक्षीदार तेवढाच, आणि त्याला बोलायला उभं केलंय ते नेमकं लोक पिशव्या-चपला चाचपत असताना.