इन्सुलिन चुकतंय ते बेशिस्तीमुळे नाही

टाइप वन डायबेटिसबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘इन्सुलिन चुकवणारे बेशिस्त असतात. पथ्य कडक करा, धाक दाखवा, पूर्ण डोस सुरू करा, सरळ होतील.’ हा सल्ला घातक आहे.

‘बेशिस्त असतात.’ वजन वाढेल या भीतीने इन्सुलिन कमी घेणं हे खाण्याच्या विकाराचं लक्षण आहे, आळस नव्हे. शुगरच्या वहीत सगळे आकडे १२० ते १४०, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी) मात्र ११ टक्के. इन्सुलिन पेनची कार्ट्रिज हिशोबापेक्षा जास्त दिवस पुरतेय, इंजेक्शन कुणासमोर घेत नाही, कीटोअ‍ॅसिडोसिसने (इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठण्याने) पुन्हापुन्हा भरती. असं दिसलं तर रागावण्याआधी शांतपणे विचारा. यासाठी डेप्स-आर ही १६ प्रश्नांची चाचणी आहे. गुण २० किंवा जास्त आले तर तज्ज्ञांकडून सविस्तर तपासणी हवी.

‘पथ्य कडक करा.’ याने विकार बळावतो. पोट मारलं की हायपो होतो, म्हणजे शुगर फार खाली जाते, हायपोत हाताला लागेल ते खाल्लं जातं, मग अपराधी वाटतं आणि पुढचा डोस गळतो. हायपोतलं १५ ग्रॅम ग्लुकोज हे औषध आहे. १५ मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची. त्यावरून बोल लावू नका.

‘धाक दाखवा.’ डोळे जातील, किडनी जाईल, हे त्यांना पाठ असतं. धाकाने फक्त लपवाछपवी वाढते.

‘पूर्ण डोस सुरू करा.’ इथे सगळ्यात जास्त बिघडतं. इन्सुलिन एकदम वाढलं की किडन्या मीठ आणि पाणी धरून ठेवतात. घोटे सुजतात, मोज्याचा वळ उठतो, थोड्याच दिवसांत काटा वर जातो. ही चरबी नसते, सूज बहुधा काही आठवड्यांत ओसरते. पण हे आधी सांगितलं नसेल, तर ज्याची भीती होती तेच झालं असं वाटून इन्सुलिन पुन्हा सुटतं. शिवाय एचबीएवनसी तीन महिन्यांत २ टक्क्यांहून जास्त उतरलं तर मज्जातंतूंच्या तीव्र वेदना सुरू होऊ शकतात, रेटिनाचा (डोळ्यातल्या पडद्याचा) आजारही काही काळ बळावू शकतो. म्हणून आधी रेटिना तपासून घ्या. पहिलं ध्येय एवढंच: बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन, एकही दिवस चुकवायचं नाही. जेवणाचे डोस किती आणि कसे वाढवायचे ते डॉक्टर ठरवतील. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत हवेत.

उलट्या, जोरजोरात खोल श्वास, गुंगी किंवा रक्तात कीटोन ३ mmol/L वा त्याहून जास्त असतील, तर यातलं काहीही करत न बसता ताबडतोब इमर्जन्सीत न्या.