सोन्याचा लघुग्रह यायलाय म्हणून पाटल्या मोडू नका

चार दिवस झाले आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायलाय. नासाला नुकताच अख्खा सोन्याचा लघुग्रह सापडला, तो पृथ्वीकडे यायलाय, 2029 ला यान सोनं घेऊन येणार आणि प्रत्येकाच्या वाट्याला 10 हजार कोटी, तेव्हा भाव पडायच्या आत घरातलं सोनं विका. वाचून मावशीनं पाटल्या काढून पिशवीत भरल्या पण होत्या, सराफाकडं निघायच्या बेतात होती, म्हणून हे लिहायलोय.

पहिलं, "नुकताच सापडला". या लघुग्रहाचं नाव सायकी, आणि तो सापडला 17 मार्च 1852 ला, इटलीतल्या नेपल्समधून, ॲनिबाले दे गास्पारिस या खगोलशास्त्रज्ञाला. नासा सुरू झाली 1958 ला, आता तुम्हीच हिशोब करा. सापडलेल्या लघुग्रहांत हा सोळावा, म्हणून त्याचा नंबर 16.

नावाचं तर कहरच केलाय. म्हणे पैशापायी सगळे सायको होणार म्हणून सायकी! अरे बाबांनो, सायकी ही ग्रीक पुराणातली आत्म्याची देवी, त्या काळी लघुग्रहांना अशीच देवीदेवतांची नावं द्यायचे. नंतर पद्धत थोडी मोकळी झाली, 1861 ला मद्रासमधून पॉगसन या खगोलशास्त्रज्ञाला एक लघुग्रह सापडला, आशिया खंडातून सापडलेला पहिलाच, म्हणून त्याचं नाव ठेवलं एशिया. हे मला फार आवडतं, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता "पृथ्वीकडे यायलाय". सायकी फिरतो मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात, सूर्याभोवती एक चक्कर मारायला त्याला 5 वर्षं लागतात. आपण सूर्यापासून साधारण 15 कोटी किलोमीटरवर, तो सरासरी त्याच्या जवळपास तिप्पट लांब. कक्षा थोडी लांबट आहे त्यामुळं कधी जरा जवळ येतो कधी लांब जातो, पण कितीही जवळ आला तरी आपल्यात आणि त्याच्यात 22 कोटी किलोमीटरपेक्षा जास्तच अंतर राहतं. म्हणजे येत नाही, स्वतःच्या रस्त्यानं गुपचूप फिरतो.

सोन्याचं काय मग? हा 220 किलोमीटरच्या आसपासचा धोंडा आहे, आणि आधी वाटायचं की हा एखाद्या फुटलेल्या छोट्या ग्रहाचा लोखंडी गाभा असावा. पण घनता मोजली तर पाण्याच्या चौपट निघाली, लोखंडाची जवळपास आठपट असते, म्हणजे आत दगड तरी मिसळलाय नाहीतर पोकळी तरी आहे. आणि लोखंडी उल्कांमध्ये सोनं किती सापडतं, तर टनामागे ग्रॅमच्या आसपास. तो 10 हजार कोटींचा आकडा आला कुठून तर कुणीतरी आतल्या लोखंडाची बाजारभावानं किंमत काढली, एकावर 19 शून्य डॉलर, आणि पुढं त्याला जगाच्या लोकसंख्येनं भागलं. लोखंडाचा हिशोब होता हो तो! फॉरवर्ड करता करता त्याचं सोनं झालं.

बरं, एक मिनिट धरून चालू की सगळं सोनंच आहे आणि आलं पण. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की भावाचं काय होतं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला पाहिजे का? 10 हजार कोटी म्हणे.

राहिलं यान. ते खरंच निघालंय, 13 ऑक्टोबर 2023 ला उडालं आणि 2029 च्या ऑगस्टात पोचायचा प्लॅन आहे, एवढंच फॉरवर्डमधलं खरं. पण त्यावर कॅमेरे आहेत, चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र आहे, पृष्ठभागात कुठली मूलद्रव्यं आहेत ते ओळखायचं यंत्र आहे. खणायचं काही नाही, उतरायचं नाही, परत यायचं तर नाहीच. तिथंच घिरट्या घालत फोटो न् माहिती पाठवणार.

तेव्हा मावशे, त्या पाटल्या पिशवीतून काढ आणि हातात घाल, रविवारी लग्नाला जायचंय.