काचेवर लिहिलेले गणित कच्चेच राहते का?

‘टॅबलेटवर पेनाने सोडवलेले गणित डोक्यात उतरत नाही, मेंदू जागा होतो तो कागदावर लिहितानाच, आणि हे आता शास्त्रज्ञांनीच सिद्ध केले आहे,’ असा दावा सध्या पालकांमध्ये सर्रास फिरतो आहे.

प्रथम पुराव्याविषयी. या दाव्यासोबत बहुतेक वेळा नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील विद्यापीठाच्या, जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. त्यात ३६ विद्यार्थी हाताने शब्द लिहीत असताना आणि तेच शब्द एका बोटाने टंकत असताना त्यांच्या मेंदूतील विद्युत हालचाली डोक्यावरील २५६ संवेदकांच्या साहाय्याने नोंदवल्या गेल्या, आणि हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील जोडणी अधिक व्यापक दिसली. मात्र ते लेखन डिजिटल पेनाने टचस्क्रीनवरच केलेले होते! कागद त्या प्रयोगात नव्हताच, गणितही नव्हते, आणि कोण किती शिकले याची परीक्षाही घेतलेली नव्हती. ज्या प्रयोगाच्या जोरावर पडद्याला दोषी ठरवले जाते, त्यात पडदा हीच वही होती.

‘पडद्यावर लिहिणे आणि टंकणे सारखेच,’ हा दुसरा मुद्दा एका वर्गमूळाच्या चिन्हापाशीच अडखळतो. √(क्ष + ४) टंकताना कंसाची आठवण ठेवावी लागते. हाताने लिहिताना मात्र चिन्हाची आडवी रेघ क्षवर थांबवायची की ४ च्या डोक्यावरून पुढे न्यायची, हे पेन चालवतानाच ठरवावे लागते, आणि त्या रेघेच्या लांबीतच राशीचा अर्थ असतो. अपूर्णांकाची रेघ, घातांकाची उंची, भागाकारात अंकाखाली येणारा अंक, हे सारे जागेवरून वाचायचे असते. हा निर्णय कागदावर आणि काचेवर एकच असतो.

काच गुळगुळीत असल्याने सुरुवातीला अक्षर फाकते, हे मान्य. (कागदावरचे पहिले अक्षरही मोत्यासारखे नसतेच.)

‘यंत्रच उत्तर देऊन टाकते,’ हे काही अंशी खरे आहे. २०२४ पासून आयपॅडच्या गणकात बेरीज लिहून बरोबरचे चिन्ह काढले की उत्तर उमटते, तेही लिहिणाऱ्याच्या हस्ताक्षराशी जुळणाऱ्या वळणात. परंतु हा दोष त्या सोयीचा आहे, हाताने लिहिण्याचा नव्हे. साध्या कोऱ्या पानावर यंत्र काहीच सुचवत नाही.

खरी तक्रार या दाव्यात आलेलीच नाही, आणि ती म्हणजे चूक मागमूस न ठेवता पुसली जाणे. –३(क्ष – ५) चे –३क्ष – १५ असे लिहिणारा विद्यार्थी कागदावर ते खोडतो, तेव्हा खोडलेला १५ आणि त्याआधीचे चुकलेले चिन्ह दिसत राहते, आणि तपासणाऱ्याला गफलत नेमकी कुठे झाली ते कळते. पडद्यावर मात्र एका स्पर्शात ओळ नाहीशी होते आणि उरते ते केवळ बरोबर उत्तर. यावर उपाय साधा आहे: पुसण्याचे साधन बंद करावे, चुकीच्या ओळीवर एक रेघ मारावी आणि दुरुस्ती तिच्याखाली लिहावी.