दोन-दोनचा हात

माझ्या बांगडीचं माप दोन-दोन. म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर दोन सोळांश इंच, म्हणजे एक सूत, नव्या हिशेबात ५४ मिलिमीटर. लग्नात चुडा भरताना कासाराने तीन पेट्या उपसल्या आणि शेवटी शाळकरी मुलींच्या पेटीतून माझा चुडा निघाला. जमलेल्या बायकांनी माझ्या हाताकडे असं पाहिलं, की जणू तो मी व्रत करून मिळवला होता. सासरी आल्यावर त्याची खरी किंमत कळली. लोणच्याच्या बरणीचा तळ पुसायचाय, कपाटाच्या मागे गेलेलं जोडवं काढायचंय, मोदकाला एकवीस कळ्या पाडायच्यात, की हाक मलाच. बेचाळीस वर्षं या हाताबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मग सायकल आली.

सायकल भाच्याची. तो नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना ती आमच्या रत्नागिरीच्या घरी टेकवून गेला. "मावशी, चालव. पडून राहिली तर खाऱ्या वाऱ्याने सडेल." भाचा माझ्याहून दोनच इंच उंच, त्यामुळे सीट खाली घेतल्यावर सायकल मला अगदी बरोबर झाली. पण एकाच घराण्यात देवाने पंजे वाटताना काय केलं कोण जाणे. त्याच्या हातात नारळ चेंडूसारखा मावतो. माझ्या हातात चेंडू नारळासारखा.

ही रोडबाइक, म्हणजे बारीक टायरची, डांबरी रस्त्यावर वेगाने पळवायची सायकल. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं. वरच्या वळणावर दोन रबरी बोंडं, त्यांना हुड म्हणतात, आणि त्यांच्यापुढे ब्रेकचे लिव्हर लोंबतात. बहुतेक वेळ हात हुडवर ठेवायचे, उतारावर खाली वाकून शिंगं धरायची, असा शिष्टाचार आहे.

पहिल्या रविवारी पहाटे मी भाट्याचा पूल ओलांडला. सुरूचं बन, डावीकडे न बघता उजवीकडे समुद्र बघत जावं असा रस्ता. पुढे घाट चढून गोळपच्या सड्यावर पोचले तेव्हा स्वतःबद्दल फारच बरं मत झालं होतं. चढाचा हा मोठेपणा आहे, तिथे ब्रेक लागत नाही. पण कोकणात सडा चढला की खाडीपर्यंत उतरावंच लागतं, आणि परतीच्या उतारावर माझ्या लक्षात आलं की हुडवर तळवा ठेवला तर लिव्हरला माझी फक्त मधल्या दोन बोटांची पेरं लागतात. खाली शिंगं धरली तर तीही नाहीत. लिव्हर समोर दिसतोय, बोटं हवेत वळवळतायत, मागून पावसहून येणारी एसटी हॉर्न देतेय. मी हुडवरून जीव खाऊन ओढलं. सायकलने किंचित विचार केल्यासारखं केलं आणि पुन्हा वेग घेतला. लहानपणी दांडी ब्रेकच्या काळ्या सायकलवर चपलेचा ब्रेक लावायचो, तो प्रयोग आठवला, पण पायात बूट होते आणि बूट महाग होते. शेवटी खाली आल्यावर मला भाट्याच्या वाळूने थांबवलं. अत्यंत हळुवारपणे, आडवं पाडून.

यात हाताच्या जोराचा प्रश्न कमी आणि जागेचा जास्त. लिव्हरची बिजागरी वर हुडपाशी असते. हुडवरून ओढलं की बोट बिजागरीच्या जवळ पडतं आणि जोर वाया जातो. खालून धरलं की बोट लांब, थोडक्यात काम होतं. जांभ्याचा चिरा हलवताना पहार टोकाशी धरतात ना, तसं. म्हणजे ज्या जागी माझा जोर पुरला असता तिथे हात पोचत नव्हता, आणि पोचत होता तिथे जोर पुरत नव्हता. शिवाय सगळा भार तळव्याच्या कडेवर आल्याने करंगळीला मुंग्या येऊ लागल्या त्या वेगळ्याच.

भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. "अगं मावशी, सोप्पंय. हुडचं रबर मागे सार. आत बारीक स्क्रू दिसेल. २ मिलिमीटरची एलन की, ती षटकोनी चावी, घाल आणि फिरव, लिव्हर जवळ येतो." रबर मागे सारलं. स्क्रू होता, पण गंजून बसलेला. आमच्याकडे न उघडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर खोबरेल हा एकच उपाय आहे, मग ती कडी असो की गुडघा. दोन थेंब सोडले, रात्रभर ठेवलं. सकाळी स्क्रू फिरला आणि लिव्हर चक्क माझ्याकडे सरकला. एक फेरा, दोन फेरे. आता खालून धरलं तरी दोन बोटं आरामात टेकत होती. इतकी वर्षं हा स्क्रू असतो आणि दुकानदार बायकांना सांगतात, "सवय होईल."

आनंदाच्या भरात मी खळ्यात एक फेरी मारली. मे महिना होता. सासूबाईंनी सोलं चटईवर आणि आंबापोळीची ताटं उन्हात मांडली होती. वळणावर मी लिव्हर दाबला. तो लगेच आला, फार म्हणजे फारच सहज, आणि हँडलला टेकला. ब्रेक लागलाच नाही. झालं होतं असं, की ब्रेकचे रबर चाकाला लागेपर्यंत लिव्हरला जेवढं अंतर चालावं लागतं ते तेवढंच राहिलं होतं. मी लिव्हरचा मुक्काम जवळ आणला, म्हणजे त्याची चालच तोकडी केली. लिव्हर जवळ घेतला की वायर आवळावी लागते, हे भाचा सांगायचा राहिला. की मी फोन ठेवून दिला होता?

सोलांवरून गेले ते ठीक, ती आधीच लाल होती. पण एका आंबापोळीवर टायरचा आडवा ठसा उमटला. २५ मिलिमीटर रुंद, कडेला बारीक नक्षी. सासूबाई बाहेर आल्या, ताट उचलून डोळ्यांशी धरलं. "अगो, साचा कुठून आणलास?" बाकी काही बोलल्या नाहीत. ती पोळी पाहुण्यांना द्यायची नाही एवढं ठरलं.

मग गावातलं सायकलचं दुकान. काका साठीचे, हात ग्रीसने कायमचे काळे. त्यांनी सायकल उलटसुलट पाहिली, दोन्ही ब्रेक दाबले, चाक फिरवलं. मग माझा हात पाहिला. "वहिनी, सायकलीत काय दोष नाय. हात लहान हायत तुमचे." हे निदान. उपचार म्हणून त्यांनी लिव्हर आणि त्याच्या बुडख्यामध्ये लाकडाची फाचर ठोकू का विचारलं. मी हसले. नंतर वाचनात आलं की काही जुन्या लिव्हरांसोबत कंपनीच प्लास्टिकची फाचर द्यायची, नेमकी याच कामासाठी. काकांची मनातल्या मनात माफी मागितली. तोंडी मागितली असती तर त्यांनी ठोकली असती.

मधल्या काळात मी स्वतःच्या अकलेने आखूड स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा पुढचा दांडा, मागवला होता, ११० मिलिमीटरच्या जागी ८०. हँडल जवळ, म्हणजे ब्रेक जवळ, असा माझा हिशेब. काकांनी तो बसवला. चार बोल्ट, एकदा वरचा डावा, मग खालचा उजवा, असं फुलीत थोडं थोडं आवळत. स्टेमवर ५ न्यूटन मीटर असं छापलेलं होतं. "एवढाच जोर द्यायचा," मी म्हटलं. "ते त्यांच्याकडचं माप," काका म्हणाले आणि डोळे मिटून मनगटाने मोजलं. पाठीला फार बरं वाटलं, खांदे सैल झाले. आणि लिव्हर हँडलपासून होता तिथेच होता. माणसाला ताट जवळ दिलं म्हणून लोणचं काही ताटात जवळ सरकत नाही.

लिव्हर हलवायचा तर हँडलवर गुंडाळलेली टेप सोडणं आलं. टेप सोडली आणि दोघेही गप्प झालो. आतल्या ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड आणि तिच्याखाली खड्डेच खड्डे. भाच्याचा घाम आणि आमची हवा, दोघांनी मिळून हँडल आतून खाल्लं होतं. काकांनी नखाने खरवडलं. "हे उतारावर हातात येईल वहिनी." इथे मात्र त्यांनी हाताला दोष दिला नाही.

नवं हँडल मागवताना पहिल्यांदाच मापं नीट पाहिली. जुन्याची पुढे जाणारी झेप ८५ मिलिमीटर होती, नव्याची ७०. खालचं वळण उथळ आणि गोल, त्यामुळे शिंगं धरल्यावर बोटं आपोआप लिव्हरपाशी येतात. रुंदी ४२ सेंटिमीटरवरून ३८, म्हणजे माझ्या खांद्यांएवढी. दोन-दोनच्या माणसालाही माप असतं हे बघून गहिवरून आलं. आता लिव्हर कुठे बसवायचे? वर सरकवले तर हुडवर हात सुखात, पण खालून पुन्हा लांब. खाली घेतले तर उतारावर छान, पण हुडवरून हात पुढे घसरतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तीनदा सोडलं, तीनदा आवळलं. चौथ्यांदा काका चहाला गेले. शेवटी मधोमध, किंचित वर, असा तह झाला, नवी वायर घालून आवळली आणि लिव्हर अर्ध्यावर आला की ब्रेक धरू लागला.

टेप मी स्वतः गुंडाळली. काका क्रिकेटच्या बॅटसारखी चिकटपट्टी मारणार होते, त्यांना थांबवलं. टोकाकडून सुरुवात, दर वेढा मागच्यावर अर्धा, हुडपाशी इंग्रजी आठाची गाठ. मोदक येतो त्याला हे येतं. टेपसोबत टोकाला ठोकायच्या दोन टोप्या येतात. त्यातली एक घरंगळली ती सापडेना. उघडं टोक पडताना मांडीत घुसतं, म्हणून काकांनी बाटलीचं बूच तासून बसवलं आणि बिलात वीस रुपये लावले.

पुढच्या रविवारी भाट्याच्या उतारावर खाली वाकून दोन बोटांनी दाबलं. सायकल थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबवली. असं सात-आठ वेळा केल्यावर मागचा एसटी ड्रायव्हर डोकं बाहेर काढून काहीतरी म्हणाला, ते वाऱ्यात गेलं.

नवी वायर आठवड्यात सैल पडते, म्हणून आवळून घ्यायला पुन्हा दुकानात गेले. काका जमिनीवर आडवे होते, एक डोळा मिटून. कॉम्प्रेसर आणि भिंतीच्या मधल्या फटीत त्यांचा पाना गेला होता. मला बघून ते उठून बसले. "वहिनी, वायच हात द्या."

कोपरापर्यंत हात गेला. पाना आला. मग तीन छर्रे, एक जुनं पाच रुपयांचं नाणं, आणि माझी टोपी. काकांनी ती फडक्याला पुसली, बूच उपटून तिथे ठोकली, आणि बूच जपून डब्यात ठेवलं.

"दहा रुपये मजुरी," म्हणाले.