विनातारण कर्जाचे तारण

वैयक्तिक कर्ज विनातारण असते, असे ते घेताना आपल्याला सांगण्यात आले होते आणि सहीच्या घाईत आपण ते मानलेही. घर, दागिने किंवा सातबारा यांपैकी काहीच मागितले गेले नाही, कारण त्याहून सहज हाती लागणारी वस्तू आपण अर्जातच लिहून दिली होती: कचेरीचा पत्ता आणि दोन नातेवाइकांचे मोबाईल क्रमांक. तारण होते ते अब्रूचे, हे हप्ता बाऊन्स झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात उमगते. तेव्हा पैशांची चणचण असताना वसुलीवाल्यांशी कसे वागावे, असे कोणी विचारल्यास पहिला सल्ला हाच की हे तारण जिवापाड जपावे. ते जितके नाजूक राहील, तितकी वसुली सोपी जाईल.

यासाठी घरात कोणालाही काही सांगू नये. पत्नीला कळले तर ती खर्चाचा हिशेब मांडून बसेल आणि कदाचित मार्गही सुचवेल. त्यापेक्षा तिला ही बातमी वसुलीवाल्याच्या तोंडून कळू द्यावी, कारण त्याची सांगण्याची हातोटी अधिक परिणामकारक असते. नोकरी गेली किंवा आजारपण आले, तरी हप्ता चुकण्यापूर्वी बँकेला पत्र लिहून मुदत वाढवून मागण्याचा आगाऊपणा करू नये. बँक प्रसंगी हप्त्यांची फेररचना करून देते, आणि नाही दिली तरी आपला फेडण्याचा इरादा होता याचा लेखी पुरावा मागे राहतो. असले पुरावे सज्जन माणसाने मागे ठेवू नयेत.

तगादा ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. पूर्वी धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसत असे. स्वतः उपाशी राही आणि घरातल्यांनाही जेवण गोड लागू देत नसे. निदान उपासात समानता होती. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, त्याचे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले आणि सरकारला 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आज तो मार्ग खुला नाही. वही दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवर असते, आणि संतापाच्या भरात मोबाईल जाळलाच, तर त्याचाही हप्ता शिल्लक निघतो.

आता नियमांविषयी. कर्जवसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, नातेवाइकांसमोर किंवा मित्रांसमोर अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट बजावले आहे. हे आपल्याला ठाऊक आहे, अशी शंकाही समोरच्याला येऊ देऊ नये. रात्री दहाला फोन आल्यास वेळ टिपून ठेवू नये, संभाषण ध्वनिमुद्रित करू नये आणि दारात आलेल्याकडे ओळखपत्र किंवा कंपनीचे अधिकारपत्र मागू नये. आलेल्या पाहुण्याचे नाव-गाव विचारणे बरे दिसत नाही. वसुली प्रतिनिधीला 100 तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि पदवीधरास 50 तासांत सूट मिळते, म्हणजे महाविद्यालयात शिकलेली सभ्यता बरोबर 50 तासांची धरलेली आहे. ती आपल्या वाट्याला आली नाही, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते आणि 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ही तक्रार विनाशुल्क असते. ज्याला फी नाही त्याला किंमत नाही, हे आपण जाणताच. म्हणून तिकडे फिरकू नये.

व्हॉट्सॲपवर अटक वॉरंट आले, तर ते खरे मानावे. न्यायालयाचे वॉरंट बजावायला पोलीस येतात, कर्ज कंपनीचा फोनवाला नव्हे, हा तपशील त्या क्षणी आठवू नये; 'न्यायालय' हा शब्द त्यात चुकीचा लिहिलेला असला, तरी शुद्धलेखनावरून माणसाची पारख करणे अनुदारपणाचे ठरेल.

पैसे जमलेच, तर ते कंपनीच्या कर्जखात्यात भरण्याऐवजी प्रतिनिधीच्या खासगी यूपीआयवर पाठवावेत आणि पावती मागून त्याला दुखवू नये. महिनाअखेरीस त्याच्यावरही टार्गेटचा तगादा असतो, हे मात्र उपरोधाने लिहीत नाही. तडजोड ठरल्यास ती तोंडीच ठरवावी. लेखी पत्र आणि पुढे 'कर्जबाकी नाही' असा दाखला मागितला, तर दोन वर्षांनी त्याच रकमेसाठी येणाऱ्या फोनच्या आनंदाला आपण मुकू. सिबिलच्या पतनोंदीत 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवलेले) आणि 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलेले) यांत काय फरक असतो, हे पुढचे कर्ज नाकारले गेल्यावर सावकाश समजून घेता येईल.

पैसे न जमल्यास पहिला हप्ता फेडायला दुसऱ्या ॲपवरून कर्ज घ्यावे. ते ॲप संपर्कयादी उघडण्याची परवानगी मागेल, ती द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाविषयीच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपने ती यादी उघडायची नसते, त्यामुळे आपण देतो ते शुद्ध औदार्य ठरते. यानंतर आपल्या थकबाकीची बातमी मावशी, मुलाच्या वर्गशिक्षिका आणि गॅस सिलिंडरवाला यांना एकाच दिवशी मिळेल.

सकाळचा पहिला फोन मात्र घरात घेऊ नये. आठला पाच मिनिटे असतानाच दुधाची पिशवी आणण्याच्या निमित्ताने इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरावे. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ तेथे पाण्याच्या टाकीमागे मोबाईल कानाला लावून, आवाज अगदी खाली ठेवून, आधीच येरझाऱ्या घालत असतात. त्यांना ओझरता नमस्कार करावा आणि आपण मीटरच्या खोलीकडे वळावे. टाकीची बाजू त्यांची आहे.